सावरदरीच्या धोंड्यांपाशी, पंचमीच्या आत

अवसेच्या दिवशीच निघू, असं मी म्हणालो तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी खळ्यात जोडे घालून शिरलो.

"म्हाद्या, अवसेले गाडी जुपते काय कोनी?" आत्याबाई म्हणाली. "आन् तुले कवापासून एवढी घाई? तू तं बडनेऱ्याले जातो म्हनून निघतो आन् आठ दिवसांनी भलत्याच गावाहून येतो."

हे खरं आहे. पंतोजींकडे मी दीड वर्ष बसलो, ते सोडून बाकी सगळं चालत चालत शिकलो. वाटेत काही नवं दिसलं की पाय तिकडे वळतात. पण या वेळी मला घाई होती, आणि घाईचं कारण सांगता येत नव्हतं.

आधी कुठे जायचं होतं ते सांगतो. अकोल्याहून बार्शीटाकळीच्या अंगाला चार कोसांवर सावरदरी नावाचं लहानसं गाव आहे. पन्नासेक वर्षांमागे तिथे पेंढारी आले होते. गावातली आणि आसपासची माणसं, बाया-पोरं रानात निसटेपर्यंत, नाल्याच्या काठावर उभी राहिली. हातात काय, तर कुऱ्हाडी आणि गोफणी. त्यातले एकोणीस जण तिथेच पडले. माझे आजोबा राघू माळी त्यांच्यातले एक. आत्याबाई तेव्हा पाळण्यात होती. आजी दोन लेकरं घेऊन अमरावतीला भावाकडे आली, आणि तेव्हापासून आम्ही इथे गावाबाहेर वांगी, कांदे, झेंडू लावून आहोत.

जो जिथे पडला तिथे त्याचा धोंडा उभा केलेला आहे. मार्गशीर्षातल्या शुद्ध पंचमीला ज्याची त्याची माणसं येतात, धोंड्याला तेल घालतात, शेंदूर लावतात, भाकरीचा नैवेद्य ठेवतात. रीत साधी आहे, पण एका बाबतीत कडक. लागोपाठ तीन वर्षं ज्याचं कोणी आलं नाही, त्याचा धोंडा पाटील त्याच दिवशी दिवस बुडायच्या आत आडवा करतो. पालथा. मग त्याचं नाव पुन्हा कोणी घेत नाही.

दोन वर्षांमागे वाटेवर पटकी पसरली होती, त्यामुळे आमच्याकडून कोणी गेलं नाही. मागच्या वर्षी बाबांचा गुडघा धरला, म्हणून मला एकट्याला पाठवलं. मी परत आलो आणि सांगितलं, जाऊन आलो, शेंदूर लावला, सगळं नीट झालं.

मी गेलोच नव्हतो.

अकोल्याजवळ आगगाडीच्या सडकेचा भराव घालणं चालू होतं. शेकडो माणसं टोपल्या घेऊन माती ओतत होती, दारू ठासून खडक उडवत होती. मी जरा वेळ पाहू म्हणून थांबलो. मग दोन दिवस टोपलीही उचलली. तिथल्या एका बाईने सहज विचारलं, आज सष्ठी ना, तेव्हा कळलं, पंचमी कालच गेली.

म्हणजे घरच्यांच्या हिशेबाने एकच वर्ष चुकलं होतं. माझ्या हिशेबाने दोन. आणि या वर्षी आत्याबाई स्वतः यायला निघाली होती, बापाच्या धोंड्याला हात लावायला. जन्मात दुसऱ्यांदा. दिसतं तिला अंधूक, पण हट्ट मोठा.

अवस गेली. प्रतिपदेला सकाळी निघालो. गाडी माझा दोस्त बाबू पिंजारी याची. तो गाद्या-रजयांची रुई पिंजतो, आणि सध्या रुईला असा भाव आलाय की त्याच्याकडे पिंजायला रुईच कोणी देत नाही, म्हणून मोकळा होता. दूर कुठे गोऱ्यांच्या मुलखात लढाई लागलीय आणि तिकडून कापूस निघत नाही, असं आमच्या बाजारात सांगतात. त्या लढाईपायी आमचा पिंजारी रिकामा. गाडीत आत्याबाई, माझी थोरली वहिनी, दोन टोपल्या झेंडू ओल्या फडक्याखाली, बारा भाकरी, लसणाची चटणी, आणि बैलांसाठी कडबा. कडबा घरूनच न्या. वाटेत पेंढीचे दर ऐकून बाबूने कानाला हात लावले. ज्याने त्याने ज्वारी काढून कापसाची पऱ्हाटी लावली, कडबा येणार कुठून?

बडनेऱ्यापर्यंत सडक बरी आहे. पुढे ती सडक राहत नाही, कापसाच्या गाड्यांची रांग होते. सगळ्या पश्चिमेकडे. एकामागे एक, कापूस ठासलेली मोठाली पोती, म्हणजे बोद्रे, उंच रचलेले, चाकं करकरतायत, आणि दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस अडकून त्या पांढऱ्या झालेल्या. वहिनी हात बाहेर काढून तो गोळा करायला लागली.

"भाऊजी, मूर्तिजापूर येईतो उशी होते पाहा."

"वहिनी, हात आत घ्या. बाबू, जरा हाक ना."

"हाकून कुठं जाऊ? समोरच्याच्या बोद्र्यात?"

मी उतरून पुढे चालत गेलो, रांग कुठे मोकळी होते ते पाहायला. पाऊण कोस चाललो. मोकळी नव्हती. तिथे एक गाडीवान बैलाच्या खुराला पत्रा ठोकून घेत होता, आणि नालबंदाचं काम इतकं सफाईचं, की... पण नाही. या वेळी मी थांबलो नाही. लगेच मागे फिरलो. हे मी कौतुकासाठी सांगत नाही. मला तेव्हा नीट घास जात नव्हता.

दुसरा मुक्काम मूर्तिजापूरला, धर्मशाळेच्या ओट्यावर. तिथली विहीर चांगली आहे, पण पोहरा आपला हवा. जेवताना वहिनीने चटणी वाढता वाढता विचारलं, "भाऊजी, मागच्या साली तिथं बाया किती आल्या होत्या?"

"होत्या," मी म्हणालो.

"किती?"

"आता मोजल्या काय मी?"

आत्याबाई भाकरी चावत होती. ती म्हणाली, "याले बांध इचार, सडकेचा. कोन्या टोपलीत किती माती बसते तेबी सांगन. धोंड्याचं याचं दोन बोलांत आटपते."

वाटेत भराव पाहिला, एवढं मी घरी रंगवून सांगितलं होतं. सगळे हसले. मीही हसलो.

तृतीयेला दिवस मावळता काटेपूर्णा नदीच्या उतारावर पोचलो आणि तिथेच अडकलो. पाणी गुडघाभरच, पण तळाशी गाळ. बोद्र्यांची एक गाडी मधोमध रुतली होती आणि तिच्यामागे निदान शंभर गाड्या. ओळ मोडायची नाही, असा गाडीवानांचा कायदा. मोडली तर चाकाची खीळ काढून नदीत टाकतात. चतुर्थीची सकाळ तिथेच उजाडली. एक निघाली की मागची रुतायची; दुपार व्हायला आली तरी आमच्यापुढे चाळीस गाड्या. मी गाड्या मोजत होतो, मग सूर्य पाहत होतो, मग परत गाड्या.

शेवटी मी तांड्याच्या म्होरक्याकडे गेलो. दाट मिशांचा, कपाळावर आठी कायमची. हात जोडले. म्हणालो, आमची एकच हलकी गाडी आहे, बाजूने काढू द्या.

"काहून? कोनी मेलं काय तुमचं?"

माझ्या तोंडावर हो आलंच होतं. कोणाचंही नाव घेतलं असतं. तेवढ्यात मागून आत्याबाईचा आवाज आला. ती गाडीतून उतरून, वहिनीचा हात धरून, माझ्यामागे येऊन उभी होती.

"मेला ना. माहा बाप."

म्होरक्या जरा नरमला. "कवा?"

"झाले पन्नास सालं."

गाडीवान असे हसले की एका बैलाने कान उभे केले. म्होरक्यानेही मिशीतून हसू लपवलं आणि म्हणाला, "बुढे, मंग आनखी अर्धा दिवस थांबला तं तो काय उठून जानार हाय?"

"तो नाही जात," आत्याबाई म्हणाली. "पर उद्या पंचमी हाय. मी पोचली नाही तं एक साल वाया जाईन. एक तं आधीच गेलं."

एक, असं ती म्हणाली. मी नदीकडे पाहत राहिलो. म्होरक्याने मान हलवली, नाही म्हणजे नाही. पण त्याने आपली दहा माणसं रुतलेल्या गाडीला लावली, बोद्रे उतरवले, आणि उन्हं कलताना आम्ही ओळीतूनच पार झालो. तुम्ही जाणार असाल तर कापसाच्या दिवसांत काटेपूर्णेसाठी एक अख्खा दिवस हाताशी ठेवा. आमच्याकडे तो नव्हता. तो अवसेत गेला होता.

रात्रीचा मुक्काम अकोल्याच्या अलीकडे झाला. पंचमीच्या सकाळी मोर्णा ओलांडून जुन्या शहरात शिरलो. शेंदूर तिथलाच हवा, ही आत्याबाईची अट. तिच्या आईने तसं सांगून ठेवलेलं. गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी नदीकाठी ठेवून पायी गेलो. शेंदूरवाल्याने पुडी बांधायला जो वेळ लावला, तेवढ्यात मी तीनदा उन्हाकडे पाहून आलो. वहिनी बांगड्यांच्या दुकानापाशी बसली ती बसलीच.

"वहिनी, येताना घेऊ."

"येतानी तुमी आनखी कुठं पळवान. हात दाबून होऊ द्या."

मी बाबूकडे गेलो. बैलांना पाणी पाजत होता. त्याला मी सगळं सांगून टाकलं, भराव, टोपली, सष्ठी, सगळं. त्याने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"मले काहून सांगून राहिला? बुढीले सांग."

"तिला कसं सांगू?"

"जसं मले सांगतलं तसं." मग माझं तोंड पाहून त्याला दया आली असावी. "चाल, आन तुह्या वहिनीले. दुपारतोवर नेतो. पुढचं तू पाह्य."

बार्शीटाकळीकडची वाट काळ्या जमिनीतून जाते. पावसाळ्यात तिचं नाव काढू नका. आता भेगा पडलेल्या, गाडी हाडं मोडते, पण चालते. दोन्हीकडे कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायांच्या ओट्या भरलेल्या, आणि कुठे हातभर जागा मोकळी नाही. बांध नांगरलेले, गाडीवाट अर्धी खाल्लेली. धोंड्यांभोवतीची जमीन कोणाची, हे मला पहिल्यांदाच सुचलं. त्या जागी किती पऱ्हाटी बसेल, हेही.

सावरदरीच्या नाल्यापाशी पोचलो तेव्हा माणसं जमलेली होती, पन्नास-साठ. कोणी पातुराहून आलेलं, कोणी गावातलंच. पोरं हुंदडत होती, बाया एकमेकींची चौकशी करत होत्या, चुलीवर गूळ घातलेल्या भाताचं पातेलं होतं. रडतंय असं कोणी नव्हतं. धोंडे नाल्याच्या काठाने एका ओळीत नाहीत. जसे पडले तसे आहेत, एक इथे, तीन तिथे, आणि पऱ्हाटी त्यांना अगदी टेकलेली. चार धोंडे पालथे पडलेले दिसले. माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

आजोबांचा धोंडा सगळ्यांत लांब, पाण्याजवळ, असं बाबांनी सांगून ठेवलं होतं. तो उभा होता. माझा जीव भांड्यात पडला. मग जवळ गेल्यावर पाहिलं, त्याच्या शेजारी एक माणूस पहार मांडीवर घेऊन उकिडवा बसला होता आणि धोंड्याच्या पायथ्याची माती एका बाजूने वीतभर उकरलेली होती.

आत्याबाईने वाकून हाताने चाचपलं. तिची बोटं त्या खड्ड्यात गेली.

"हे काहून उकरलं?"

पहारवाला उठला. "पाटील सांगतीन, माय." तो माझ्याकडे पाहत होता.

तिने धोंड्यावरून हात फिरवला, वरून खाली. दोन्ही बाजूंचे धोंडे तेलाने काळे आणि शेंदराने जाड झालेले. आमचा कोरडा. खपली निघालेली. तिने बोटं एकमेकांवर घासली, वासही घेतला. तेव्हा सांगायला हवं होतं. मी झेंडूच्या माळा मोकळ्या करत बसलो.

पाटील काठी टेकत एकेका धोंड्यापाशी येत होता. म्हातारा, डोक्याला लाल पागोटं. प्रत्येक ठिकाणी तेच विचारत होता. हा कोनाचा? मागच्या साली कोन आलं होतं? उत्तर आलं की काठी जमिनीवर आपटायची, आणि शेंदूर लागायचा. कोणी चेष्टाही करत होतं. एका सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायला नकार दिला तेव्हा पाटील म्हणाला, "मंग उखान्यात घे," आणि सगळे हसले. मला त्या हसण्यात फक्त पावलं ऐकू येत होती. आता पाच धोंडे राहिले. आता तीन.

"हा कोनाचा?"

"माह्या बापाचा," आत्याबाई म्हणाली. "राघू माळी."

"मागच्या साली कोन आलं होतं?"

"हा. माहा भाचा. महादू."

पाटलाने काठी आपटली नाही. तो तिच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही, धोंड्याकडे पाहत होता. "माय, शंका असली तं तीनदा इचारतो, तशी रीत हाय. खोटं निघालं तं धोंडा राहत नाही, तुमी इथं असल्या तरीबी. मागच्या साली कोन आलं होतं?"

आत्याबाईने माझ्या दंडाला हात लावला. ढकलण्यासाठी नाही. मी कुठे उभा आहे ते पाहण्यासाठी.

"सांग ना, म्हाद्या. तू आला होता ना?"

वहिनी माझ्याकडे पाहत होती. तिच्या हातातल्या नव्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. बाबू बैलांजवळ पाठ करून उभा होता.

"नाही आलो," मी म्हणालो. "अकोल्याले थांबलो. भराव पाहत. घरी खोटं सांगतलं. कोनी नव्हतं आलं."

मी आत्याबाई बोलते तसं बोललो, तेही नंतर लक्षात आलं. पाटलाने तिसऱ्यांदा विचारलं, कारण रीत होती, आणि मला तेच पुन्हा, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगावं लागलं. मग काठी जमिनीवर पडली.

"या साली आले, म्हनून धोंडा राह्यला. पर ज्यानं चुकवलं त्यानं गुढीपाडव्यापर्यंतच्या चारही अवसेले येऊन तेल घालाचं. त्यानंच. दुसऱ्यानं चालत नाही." आणि हळू आवाजात पहारवाल्याला, "दाब ती माती."

पहारवाल्याने टाचांनी माती दाबली. त्याची पऱ्हाटी धोंड्यापासून दोन हातांवर होती. तो मला म्हणाला, "आमाले काही आनंद नसते, भाऊ. पाटलानं बसवलं मले." आत्याबाईने तेल घातलं, शेंदूर चोपडला. अंधूक दिसत असल्याने तिचा हात जमिनीपर्यंत गेला, आणि मनगटापर्यंत लाल झाला. मी पुढे झालो तर तिने माझ्या हातात पुडी दिली नाही. वहिनीला दिली.

गुळाचा भात चांगला होता असं बाबू सांगतो.

परतीच्या वाटेवर आत्याबाई माझ्याशी बोलली नाही. वहिनीशी बोलत होती, बैलांशीसुद्धा. अकोला ओलांडल्यावर मात्र तिने गाडीच्या बल्लीवर हात मारला.

"थांबव. कुठं हाय तो बांध?"

मी हात धरून नेलं. एका वर्षात भराव पुष्कळ पुढे गेला होता, दोन पुरुष उंच, वर लांबपर्यंत माणसं मुंग्यांसारखी दिसत होती. ती बराच वेळ उभी होती. काय दिसलं असेल तिला, कोण जाणे. माती ओतल्याचा आवाज येत होता, तो ऐकत असावी.

"मोठा हाय," ती म्हणाली, आणि परत वळली. मग दोन पावलांवर, "तीन दिवस पाहन्यासारखा नाही."

दशमीला घरी पोचलो. बाबांना तिनेच सांगितलं, मी गोठ्यात होतो. बाबा ओरडतील म्हणून वाट पाहत राहिलो. ते ओरडले नाहीत. गुडघ्याला एरंडाचं पान बांधून बसले होते, तसेच बसले. वहिनी मात्र आता कुठेही निघालो की विचारते, "भाऊजी, पोचान ना?" आणि मला हसू येत नाही.

अवसेला अजून काही दिवस आहेत. पायी चार दिवस धरून मी पाच दिवस आधी निघणार. गाड्यांची रांग पायी माणसाला अडवत नाही, तेवढं एक बरं. वाटेत काय काय आहे ते मला पाठ झालंय, आणि त्याचीच भीती वाटते. मूर्तिजापूरच्या वाटेवर तो नालबंद आहे. भराव आहे. अकोल्यात सरकी काढायचं वाफेचं यंत्र आलंय म्हणतात. चार वेळा जायचं, चार वेळा यायचं, आणि बघायला कोणी सोबत नाही.

काल मी तेलाचा बुधला बांधत होतो. आत्याबाई ओसरीवर वाती वळत बसली होती. मी म्हणालो, "येताना पाटलाकडून काही खूण घेऊन येऊ का? धोंड्याचा शेंदूर, नाहीतर तिथली माती?"

"काही आनू नको."

"मग तुला कसं कळेल?"

तिने वात मांडीवर घासली, टोक पिळलं, बाजूला ठेवली.

"तू येशीन. मी इचारीन, गेला होता काय. तू जे म्हनशीन ते मी खरं धरीन. पाटलाले इचारनार नाही, बाबूले इचारनार नाही." दुसरी वात घेतली. "आता जाय, बुधल्याले बूच नीट लाव. सांडते तेल."